आधी कोण, मग कोण? : प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यातला क्रम

इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे परिसरातल्या एका शाळेत आम्ही बसलो होतो. संगणकाच्या खोलीत नववीची मुले होती. तेवढ्यात लाईट गेली आणि पापणी लवते न लवते तोच परत आली. छतावरचा पंखा नुसता अडखळला, ट्यूब लुकलुकली, एवढेच. पण कोपऱ्यातला एक संगणक विचित्र अवस्थेत अडकून पडला. त्याच्या पेटीवरचा दिवा लागलेला होता, आतला पंखा फिरत होता, पडदा मात्र काळा. कोणतीही कळ दाबा, काही होईना.

सरांनी शांतपणे मागची वायर काढली, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले, तीसपर्यंत आकडे मोजले आणि वायर पुन्हा लावली. संगणक मुकाट्याने सुरू झाला.

"हे आमचं नेहमीचंच आहे," सर म्हणाले. "थोडं थांबलं की होतो चालू. पण का थांबायचं, ते मुलांना नीट सांगता येत नाही."

"सर, तो दमतो," एक मुलगी म्हणाली. "मोटर तापल्यावर थांबतात ना, तसं."

उत्तर चुकीचे असले तरी प्रश्न अगदी योग्य जागी गेला होता. पूर्ण वीज असताना संगणक चालतो. पूर्ण वीज नसताना तो बंद असतो. मग मधल्या अर्ध्या क्षणात असे काय घडते, की तो धड चालूही नसतो आणि धड बंदही नसतो? आणि तीसपर्यंत मोजल्याने काय दुरुस्त होते? या लेखात याच प्रश्नांचे उत्तर शोधू या. ते 'दमणे' या शब्दात नाही, 'क्रम' या शब्दात आहे.

ओळखीचा क्रम

नीरा डाव्या कालव्याच्या या भागातल्या मुलांना क्रमाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप आधी पाण्याने भरून घ्यायचा आणि मगच मोटर सुरू करायची, हे त्यांना ठाऊक असते. उलट केले तर पंप हवा घेतो, मोटर नुसतीच घरघरते आणि पाणी चढत नाही. ठिबकच्या एका भागाला पाणी देऊन झाले की आधी दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि मग पहिल्याचा बंद करायचा. उलट केले तर चालू मोटरचे पाणी कोंडते आणि पाइप फुटण्याची भीती असते.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घ्या. वीज तीच, पाणी तेच, पाइपही तेच. काहीही कमी नाही की जास्त नाही. केवळ आधी काय आणि मग काय, एवढ्यावरच काम होणार की बिघडणार हे ठरते. प्रोसेसरचेही नेमके असेच आहे. त्याला एका नव्हे, अनेक विद्युतदाबांची गरज असते आणि ते दाब ठरलेल्या क्रमाने यावे लागतात.

उणे पाच व्होल्ट आधी

ही अडचण आजची नाही. इंटेल कंपनीने १९७४ मध्ये ८०८० हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्याला तीन वेगवेगळे दाब लागत : अधिक ५ व्होल्ट, अधिक १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट. त्यांपैकी उणे ५ व्होल्टचा पुरवठा सर्वांत आधी जोडायचा आणि सर्वांत शेवटी काढायचा, असा दंडक होता. त्याच दशकातल्या ४११६ या प्रसिद्ध स्मृतिचिपलाही हेच तीन दाब आणि हाच नियम लागू होता.

असे का? या चिपांमधले ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच पातळ तुकड्यावर शेजारीशेजारी घडवलेले असतात. ते एकमेकांपासून अलग राहावेत, म्हणून खालच्या सिलिकॉनला उणे दाब देऊन ठेवत. त्यामुळे ट्रान्झिस्टर आणि खालचा तुकडा यांच्यामधले डायोड उलट्या दिशेने राहतात, म्हणजेच बंद राहतात. हा उणे दाब नसताना वरचे १२ व्होल्ट आले, तर जिथून विद्युतधारा जाऊ नये तिथूनही ती वाहू लागते आणि चिप तापून निकामी होऊ शकते. थोडक्यात, बांध आधी घालायचा आणि पाणी मग सोडायचे.

इंटेलने १९७६ मध्ये ८०८५ हा प्रोसेसर आणला. त्याला फक्त अधिक ५ व्होल्टचा एकच पुरवठा पुरत असे. नावातला शेवटचा ५ हा आकडा याच एका पुरवठ्याची खूण आहे. आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी याच ८०८५ च्या किटवर हात बसवला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये पूर्ण केलेल्या परम ८००० या महासंगणकातले ट्रान्सप्युटरही ५ व्होल्टच्या एका पुरवठ्यावर चालणारे होते. काही वर्षे तरी क्रमाचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

पुन्हा अनेक दाब का आले?

तो परत आला उष्णतेमुळे. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडमीट करतो, तेव्हा एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये प्रभार भरला जातो आणि रिकामा होतो. यात खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब अर्धा केला तर खर्च चौथ्या हिश्शावर येतो. ट्रान्झिस्टर जसजसे लहान झाले, तसतसा त्यांतला विद्युतरोधक थर इतका पातळ झाला की त्यांना ५ व्होल्टचा ताण सोसणेही शक्य राहिले नाही. म्हणून दाब उतरत गेला.

पण अडचण अशी की प्रोसेसर एकटा राहत नाही. त्याला स्मृतिचिपांशी, डिस्कशी, कळफलकाशी बोलावे लागते आणि ही शेजारची मंडळी जुन्या, मोठ्या दाबावर बोलत असतात. १९९७ मध्ये आलेल्या पेंटियम एमएमएक्स या प्रोसेसरमध्ये यावर तोड काढलेली दिसते. आतल्या गणन करणाऱ्या भागाला, म्हणजे गाभ्याला, २.८ व्होल्ट आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिनांना ३.३ व्होल्ट. जे विद्यार्थी गणिती आहेत त्यांनी ताळा करून पाहावा : २.८ भागिले ३.३ यांचा वर्ग सुमारे ०.७२ येतो. बाकी सारे तेच धरले, तर गाभ्यातला खर्च जवळपास २८ टक्क्यांनी कमी झाला.

आजच्या प्रोसेसरांत ही विभागणी खूप पुढे गेली आहे. गाभ्याला साधारण १ व्होल्टच्या आसपास, स्मृतीशी बोलणाऱ्या भागाला वेगळा दाब, घड्याळाच्या मंडलाला वेगळा, पिनांना १.८ किंवा ३.३ व्होल्ट. या प्रत्येक पुरवठ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात 'रेल' म्हणतात. संगणकातच नव्हे, खिशातल्या मोबाइलमध्येही अशा अनेक रेल असतात आणि त्या सगळ्या एकाच बॅटरीतून तयार केल्या जातात.

क्रम चुकला तर काय होते?

समजा, पिनांचे ३.३ व्होल्ट आले, पण गाभ्याचा १ व्होल्ट अजून आलेला नाही. कालव्याचे उदाहरण घेऊ. पाटाला पाणी सुटले आहे, चाऱ्यांची दारे आहेत, पण कोणते दार उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे सांगणारा पाटकरी जागेवर नाही. मग दारे जशी असतील तशी राहणार आणि पाणी वाटेल तिकडे जाणार. प्रोसेसरच्या पिनांना ताकद मिळालेली असते, पण त्यांना हुकूम देणारा गाभा अजून झोपलेला असतो. एखादी पिन ३.३ व्होल्ट बाहेर ढकलू लागते आणि नेमक्या त्याच तारेवर समोरची चिप शून्य व्होल्ट धरून बसलेली असते. दोघांमध्ये जणू शॉर्टसर्किट होते आणि मोठी धारा वाहते. हा पहिला धोका.

दुसरा धोका चोरवाटेचा. प्रत्येक पिनेला एक संरक्षक डायोड असतो. बोटातल्या स्थिर विजेचा झटका बसला, तर तो प्रभार मुख्य पुरवठ्याच्या तारेत वळवून देणे हे त्याचे काम. पण समजा, चिपचा स्वतःचा पुरवठा बंद आहे आणि शेजारच्या चिपने पिनेवर ३.३ व्होल्ट दिले. तर हाच डायोड उघडतो आणि धारा पिनेतून आत शिरून पुरवठ्याच्या तारेला उलट्या बाजूने वीज पुरवू लागते. मागच्या दाराने वीज मिळालेली चिप अर्धवट जागी होते. तिला पुरेसा दाब मिळत नाही, पण शून्यही नसतो. शिवाय ज्या डायोडने क्षणभराचा झटका सोसायचा, त्यातून सतत धारा वाहत राहिल्याने तो निकामी होऊ शकतो.

तिसरा धोका सर्वांत वाईट. आजच्या चिपांच्या रचनेत सिलिकॉनचे 'पी' आणि 'एन' प्रकारचे थर एकाआड एक असे येतात. चार थर सलग आले की त्यांतून आपोआप एक थायरिस्टर तयार होतो. तो कुणी मुद्दाम बनवलेला नसतो. बांधावर न पेरता उगवणाऱ्या तणासारखा तो तिथे असतो. एरवी तो झोपलेला असतो. पण क्रम चुकून नको त्या जागी धारा शिरली, की तो सुरू होऊ शकतो. थायरिस्टरचा गुण असा की एकदा सुरू झाला की सुरू करणारे कारण निघून गेले तरी तो वाहतच राहतो. पुरवठा पूर्ण काढून घेतल्याशिवाय तो थांबत नाही. या अवस्थेला 'लॅच-अप' म्हणतात. धारेला मर्यादा नसेल, तर चिप जळते.

क्रम कोण राखतो?

मग कोणती रेल आधी? सगळ्या चिपांना लागू पडेल असा एकच नियम नाही. झायलिंक्स कंपनीच्या झिंक-७००० मालिकेतल्या चिपांना गाभ्याचा १ व्होल्ट आधी द्यावा, मग १.८ व्होल्ट आणि पिनांचा पुरवठा शेवटी, अशी शिफारस आहे. पाटकरी आधी, पाणी मग. अशाने सुरुवातीला पिना तटस्थ राहतात आणि धाराही कमी लागते. बंद करताना याच्या बरोबर उलट क्रम. याउलट, २०१३ मध्ये आलेल्या बीगलबोन ब्लॅक या लहान संगणकपट्टीवरचा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स प्रोसेसर पाहा. त्याला १.८ व्होल्ट आधी लागतात, ३.३ व्होल्ट मग आणि गाभ्याचे सुमारे १.१ व्होल्ट शेवटी. आतली रचना वेगळी, म्हणून क्रम वेगळा. म्हणूनच मंडल रचणारा अभियंता आधी चिपची माहितीपुस्तिका उघडतो. क्रमाबाबत तिथे अंदाजाला जागा नसते.

क्रम राखण्याची युक्ती मात्र सगळीकडे सारखीच आहे आणि ती सोपी आहे. प्रत्येक दाब तयार करणाऱ्या मंडलाला दोन जादा तारा असतात. एक तार 'सुरू हो' हा हुकूम घेते. दुसरी तार, आपला दाब ठरलेल्या पातळीला पोचला की, 'माझे ठीक आहे' असे कळवते. पहिल्याची 'ठीक आहे' ही तार दुसऱ्याच्या 'सुरू हो' या तारेला जोडली की झाली साखळी. रिले शर्यतीसारखेच हे आहे. हातात काठी आल्याशिवाय पुढचा धावत नाही. मोबाइलमध्ये आणि लहान संगणकपट्ट्यांवर हे सगळे काम एकच पुरवठा-नियंत्रक चिप करते. सर्व्हरच्या मोठ्या मदरबोर्डावर रेल पुष्कळ असल्यामुळे बहुधा त्यासाठी स्वतंत्र, प्रोग्राम करता येणारी चिप ठेवतात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. त्यातले सर्व्हर सी-डॅकने रचलेले आहेत. परम ८००० च्या एका ५ व्होल्टपासून निघालेला प्रवास इथवर आला. सर्व्हरचा बोर्ड रचायचा म्हणजे आज हा क्रमही स्वतःच रचायचा.

शाळेतल्या टेबलावरच्या संगणकातही ही साखळी आहे. भिंतीतल्या सॉकेटचे बटण चालू केले की संगणक बंद दिसत असला तरी ५ व्होल्टची एक राखीव रेल लगेच जागी होते. पेटीवरचे बटण दाबले की ही राखीव रेल मोठ्या पुरवठ्याला हाक मारते. मग ३.३, ५ आणि १२ व्होल्ट चढू लागतात. चढताना ३.३ व्होल्टची रेल बाकीच्या दोघींच्या पुढे जाता कामा नये, असा एटीएक्स या मानकाचा नियम आहे. सगळे दाब स्थिर झाल्यावरही पुरवठा लगेच होकार देत नाही. १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून मग 'पॉवर ओके' ही तार वर जाते. तोपर्यंत प्रोसेसरला 'रीसेट' अवस्थेत, म्हणजे जणू मानगुटीला धरून, स्तब्ध ठेवलेले असते. मदरबोर्डावरचे बाकीचे दाब आपापल्या क्रमाने आले की पकड सुटते आणि प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर काही उमटेपर्यंत आपण जो क्षण थांबतो, त्याचा पहिला भाग या हजेरीत जातो.

उतरतानाचा क्रम आणि तो अर्धा क्षण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वीज जाते तेव्हा काय होते?

पुरवठ्याच्या पेटीत मोठे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी त्यांतल्या साठ्यावर पूर्ण भाराखाली संगणक साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल, अशी अपेक्षा असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. पूर्ण एका आवर्तनाइतकीही ही शिदोरी नाही! दाब ढासळण्याच्या निदान एक मिलिसेकंद आधी 'पॉवर ओके' ची तार खाली येते आणि प्रोसेसरला पुन्हा रीसेटमध्ये धरले जाते. इथपर्यंत सगळे शिस्तीत होते.

यानंतर सर्व रेल शून्याकडे उतरू लागतात, पण सारख्या वेगाने नाही. प्रत्येक रेलवर वेगळ्या क्षमतेचे कपॅसिटर असतात आणि प्रत्येकीवरचा भारही वेगळा असतो. गाभ्याची रेल धारा खूप खाते, ती चटकन रिकामी होते. जिच्यावर भार कमी, ती रेंगाळते. राखीव ५ व्होल्टची रेल तर बराच वेळ जिवंत राहते.

आता याच वेळी वीज परत आली तर? एक रेल शून्यावर आहे, दुसरी अर्ध्यावर, तिसरी जवळजवळ पूर्ण. चढण्याचा क्रम ठरवणारी मंडले 'सगळे शून्यावरून निघाले आहेत' असे गृहीत धरून रचलेली असतात. शर्यतीत एक धावपटू आधीच अर्ध्या वाटेवर उभा असला, तर काठीचा हिशोब जुळायचा कसा? रीसेट देणाऱ्या काही मंडलांचा दाब पुरता खाली उतरलेलाच नसतो, म्हणून ती नव्याने रीसेट देत नाहीत. एखादी चिप जुन्या अवस्थेत अडकते, दुसरी नव्याने सुरू होते आणि दोघी एकमेकींची वाट पाहत बसतात. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. त्या दुपारी कोपऱ्यातल्या संगणकाचे वागणे नेमके असे होते.

वायर काढून बटण दाबून धरले की संगणक सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नात उरलासुरला साठा खर्च होतो. तीसपर्यंत मोजेस्तोवर सर्व रेल शून्याजवळ येतात. म्हणजे सरांनी संगणकाला विश्रांती दिली नव्हती. त्यांनी सगळ्या धावपटूंना परत आरंभरेषेवर आणून उभे केले होते.

वर्गात करून पाहू या

हे सगळे स्वस्तातल्या सुट्या भागांतून मुलांना डोळ्यांनी दाखवता येते. साहित्य : १.५ व्होल्टचे चार सेल (एकूण ६ व्होल्ट), एक स्विच, बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन लाल एलईडी, २२ किलोओहमचे दोन रोध, ४७० ओहमचे दोन रोध, १० किलोओहमचा एक रोध, १०० मायक्रोफॅरडचा एक आणि ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर.

सेलचे धन टोक स्विचमधून पुढे न्या. स्विचपलीकडच्या तारेला धन तार म्हणू. सेलच्या ऋण टोकाची ती ऋण तार. १० किलोओहमचा रोध धन तार आणि ऋण तार यांच्यामध्ये जोडा. आता पहिला टप्पा : धन तारेपासून २२ किलोओहमचा रोध 'क' या बिंदूपर्यंत आणा. 'क' आणि ऋण तार यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा (त्याचे ऋण चिन्ह असलेले टोक ऋण तारेकडे). 'क' पासून एक तार ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या. कलेक्टर थेट धन तारेला. एमिटरपासून ४७० ओहमचा रोध, त्यापुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय ऋण तारेला. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुसरा टप्पा अगदी असाच, फक्त कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा.

स्विच चालू करा. पहिला दिवा साधारण एका सेकंदात उजळू लागेल, दुसरा साधारण पाच सेकंदांनी. कारण सोपे आहे. ट्रान्झिस्टरला सुमारे ०.६ आणि लाल एलईडीला सुमारे १.८ असे मिळून 'क' बिंदूवर २.४ व्होल्ट जमल्याशिवाय दिवा लागत नाही. रोध आणि कपॅसिटर यांचा गुणाकार पहिल्या टप्प्यात २.२ सेकंद येतो आणि दुसऱ्यात सुमारे १०.३ सेकंद. ६ व्होल्टमधले २.४ व्होल्ट चढायला या गुणाकाराच्या साधारण निम्मा वेळ लागतो. सुट्या भागांच्या किमतींत फरक असतोच, तेव्हा आकडे थोडे मागेपुढे होतील.

आता खरा प्रयोग. स्विच बंद करा आणि दिवे विझताच लगेच पुन्हा चालू करा. पाच सेकंदांचा विलंब कुठल्या कुठे जातो. दोन्ही दिवे जवळजवळ बरोबरच लागतात. क्रम मोडला! दिवा विझला याचा अर्थ कपॅसिटर रिकामा झाला असा नव्हे. त्यात दोन व्होल्टच्या आसपास दाब अजून शिल्लक असतो आणि दिवा लागण्यासाठी त्याला आता थोडेच चढायचे असते. स्विच बंद करून एक मिनिट थांबा. १० किलोओहमच्या रोधातून साठा ओसरतो आणि क्रम जवळपास पूर्ववत होतो. मल्टिमीटर असेल तर 'क' बिंदूवरचा दाब दर पाच सेकंदांनी मोजून मुलांना आलेख काढायला सांगा. तीसपर्यंत का मोजायचे, हे त्या आलेखातच दिसेल.

शाळेसाठी आणि शेतासाठी

यातून शाळेसाठी काही साधे नियम निघतात. वीज लुकलुकल्यावर अडकलेल्या संगणकाचे बटण पुन्हापुन्हा दाबू नये. वायर काढावी, बटण दाबून धरावे, निदान अर्धा मिनिट थांबावे आणि मग सुरू करावे. इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' या बाजूला आहे ना, ते पाहावे. दुसऱ्या बाजूला वीज बदलायला इतका वेळ लागतो, की संगणकाची १६ मिलिसेकंदांची शिदोरी पुरत नाही.

रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन यांसारख्या पट्ट्यांवर मुले प्रयोग करत असतील, तर आणखी एक नियम. पट्टीला वीज नसताना तिच्या पिनांना बाहेरून दाब देऊ नये. बीगलबोन ब्लॅकच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट सूचनाच आहे. संवेदकाला वेगळी बॅटरी लावली असेल, तर पट्टी आधी सुरू करावी आणि संवेदक मग. बंद करताना संवेदक आधी आणि पट्टी मग. नाहीतर वर सांगितलेली चोरवाट उघडते. शाळेत अशी पट्टी एकच असते आणि तिच्यावर अख्खा वर्ग शिकणार असतो. ती जळाली तर दुसरी यायला वर्ष जाते.

ही गोष्ट शाळेपुरतीही राहिलेली नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात हवामानाच्या आणि मातीच्या संवेदकांनी शेतातली माहिती गोळा केली जाते. शेतातली अशी उपकरणे पुष्कळदा सौरपट्टी आणि बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरलेली असली आणि पहाटेचे ऊन कोवळे असले, की दाब झटकन न येता हळूहळू सरपटत वर चढतो. अशा वेळी प्रोसेसर अर्धवट दाबावर जागा झाला, तर चुकीचे आकडे पाठवील किंवा साठवलेली माहिती बिघडवील. म्हणून दाब पुरेसा होईपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवणारा एक पहारेकरी तिथे लागतो. अर्डुइनो उनो या पट्टीवरच्या चिपमध्ये तो आतच बसवलेला आहे. दाब सुमारे २.७ व्होल्टच्या खाली गेला, की तो चिपला थांबवतो.

आणि याच क्रमाचे मोठे रूप बांधावरही दिसते. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच पुष्कळ पंपांना लावलेले असतात. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट धारा खेचते. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि मग उभा ऊस पाण्यावाचून वाळत राहतो. ऑटोस्विच काढून टाका, असे आवाहन महावितरण वारंवार करते ते यामुळेच. मोटरी एकामागून एक सुरू झाल्या तर तीच डीपी तेवढ्याच मोटरींना पुरते. प्रोसेसरच्या शेजारच्या बोटभर जागेत अभियंत्याने जे केले, तेच इथे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी ठरवून करायचे असते.

त्या दुपारी नववीच्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले : संगणक दमत नाही. सगळे परत आरंभरेषेवर येईपर्यंत आपण थांबतो. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग लाईट नुसती लुकलुकली, तर बाकीचे पाच संगणक का नाही अडकले?"

वरचा प्रयोग वर्गात करा आणि हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. उत्तर शोधायला लागणारे सगळे साहित्य आता त्यांच्याजवळ आहे.